रॅम, सुपर ड्यूटीचं स्टिअरिंग थरथरतंय, गाडी भटकतेय? डॅम्पर घ्यायच्या आधी हे बघा

हे मुख्यतः सॉलिड फ्रंट अ‍ॅक्सलवाल्या डिझेल पिकअपसाठी लिहितोय, म्हणजे रॅम 2500/3500 फोर बाय फोर आणि फोर्डची एफ-250, एफ-350 सुपर ड्यूटी फोर बाय फोर. शेव्ही आणि जीएमसीवाल्यांची पुढची रचना वेगळी आहे, त्यांच्यासाठी खाली थोडं वेगळं लिहिलंय. मी कोलंबस, इंडियानात राहतो. कमिन्सचं मुख्यालय इथेच, त्यामुळे पुण्याहून आलेली मराठी मंडळी गावात भरपूर, आणि एकदा इथे आलं की कमिन्सवाली जुनी रॅम घ्यायची हौस बऱ्याच जणांना होते. शनिवार-रविवारी कुणाची तरी गाडी माझ्या ड्राइव्हवेवर उभी असतेच आणि तक्रार फिरून फिरून तीच असते, "नवीन स्टिअरिंग डॅम्पर टाकला, महिनाभर बरी होती, आता परत सुरू झालंय." (डॅम्पर म्हणजे स्टिअरिंगचा हिसका दाबणारा आडवा शॉकअब्सॉर्बर.)

लक्षणं आधी नीट ओळखा

सगळी थरथर एकाच कारणाने होत नाही, म्हणून गाडीखाली शिरायच्या आधी ती नेमकी कधी होते हे चालवणाऱ्याला विचारून घ्या.

सगळ्यात भीतीदायक प्रकार म्हणजे डेथ वॉबल. साधारण 45 ते 65 मैलांच्या वेगात पुलाच्या जॉइंटवरून किंवा खड्ड्यावरून एक पुढचं चाक जातं आणि अचानक पूर्ण स्टिअरिंग हातात जोरजोरात डावी-उजवीकडे हिसकायला लागतं, डॅशबोर्ड हलतो, आणि वेग बराच खाली आल्याशिवाय ते थांबत नाही. असं झालं तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा पण त्याच्याशी झटापट करू नका, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, कचकन ब्रेक मारू नका, हळूहळू वेग उतरवत कडेला घ्या. घरात जो जो ती गाडी चालवतो त्या प्रत्येकाला हे आधी सांगून ठेवा.

दुसरा प्रकार म्हणजे भटकणं. सरळ रस्त्यावरही सतत बारीक-बारीक स्टिअरिंग सुधारावं लागतं, बाजूने मोठा ट्रक गेला की गाडी लेन सोडायला बघते, मागे ट्रेलर असेल तर अजून जास्त. तिसरा, स्टिअरिंग मधोमध असताना इकडे-तिकडे हलवलं तरी चाकं काहीच करत नाहीत, म्हणजे प्ले आहे. चौथा, पार्किंगमध्ये वळवताना किंवा स्पीड ब्रेकरवर पुढून 'टक' असा आवाज. पाचवा, टायर एका कडेने झिजतोय किंवा हात फिरवला की करवतीसारखे दाते लागतात. आणि सहावा, वळणातून बाहेर पडल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, हाताने आणावं लागतं.

थरथर ठराविक वेगालाच येते, खड्डा लागो न लागो, आणि वेग पुढेमागे केला की जाते, तर तो बहुतेक वेळा टायरचा किंवा बॅलन्सिंगचा मामला असतो. फक्त ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर ब्रेक रोटर बघा, या पोस्टची गरज नाही.

हे होतं का, ते थोडक्यात

या गाड्यांमध्ये दोन्ही पुढची चाकं एकाच जाड अ‍ॅक्सलला जोडलेली आहेत. तो अ‍ॅक्सल चेसिसच्या खाली डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा असतो, त्याला ट्रॅक बार म्हणतात, एक टोक चेसिसला आणि दुसरं अ‍ॅक्सलला. त्याच्या जवळून, जवळपास त्याच कोनात, ड्रॅग लिंक जाते, जी स्टिअरिंग बॉक्सच्या पिटमन आर्मपासून (बॉक्समधून निघून स्टिअरिंगबरोबर फिरणारा आखूड दांडा) उजव्या चाकाकडे वळवायचा जोर नेते. हे दोन दांडे समांतर ठेवलेत ते मुद्दाम, म्हणजे अ‍ॅक्सल वर-खाली झाला तरी दोघं सारख्याच कमानीत फिरतात आणि स्टिअरिंग आपोआप वळत नाही. आता ट्रॅक बारचं बुश (टोकातली रबरी गादी) गेलं किंवा बोल्ट ढिला झाला तर अ‍ॅक्सल मिलिमीटरभर का होईना बाजूला सरकतो, ड्रॅग लिंक मात्र जागेवर असते, म्हणजे खड्ड्यात गाडी स्वतःच स्वतःला वळवते, मग चाकं सरळ व्हायला धावतात, जास्त पुढे जातात, परत फिरतात, आणि हे एका लयीत वाढत गेलं की तुमच्या हातात डेथ वॉबल येतो.

त्यात पुढे वजन किती आहे बघा. कमिन्सचं सहा सिलिंडरचं इंजिन एकटंच साधारण 1,100 पौंड, म्हणजे 500 किलोच्या आसपास. त्यावर कुणी बर्फ ढकलायचा प्लाऊ लावतं, रस्त्यावर हिवाळाभर मीठ, रबर तडकतं, बोल्ट गंजतात. त्यामुळे पुढचे जॉइंट ही या गाड्यांची झिजणारी वस्तूच आहे असं धरून चाला, ब्रेक पॅडसारखी.

डॅम्परबद्दल आत्ताच सांगतो कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. स्टिअरिंग डॅम्पर हा एक आडवा शॉकअब्सॉर्बर आहे, तो हिसका दाबतो. ढिला जॉइंट तो आवळत नाही. नवीन डॅम्पर टाकला की लक्षण दबतं, ढिला जॉइंट आतल्या आत अजून घासत राहतो आणि डॅम्पर थकला की आजार आधीपेक्षा मोठा होऊन बाहेर येतो. म्हणून तो माझ्या यादीत जवळपास शेवटी आहे.

फुकटातल्या तपासण्या

पहिली, रिकॉल, म्हणजे दोष सुधारायला कंपनीने गाड्या परत बोलावल्यात का. गाडीचा 17 अंकी-अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसएच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या रस्ते-वाहन सुरक्षा संस्थेच्या, साइटवर टाका, दोन मिनिटं लागतात. 2013 मध्ये 2003 ते 2012 दरम्यानच्या रॅम हेवी ड्यूटी गाड्यांचे टाय रॉडसाठी (दोन्ही पुढच्या चाकांना एकत्र वळवणारा दांडा) मोठे रिकॉल निघाले होते, आणि 2019 मध्ये 2013 नंतरच्या काही रॅम 2500/3500 साठी ड्रॅग लिंकवरचे जॅम नट (जोड फिरून सुटू नये म्हणून आवळलेले नट) ढिले होऊ शकतात म्हणून निघाला. सेकंड हँड गाडी असेल तर आधीच्या मालकाने ते काम करून घेतलंच असेल असं समजू नका. रिकॉलचं काम डीलर फुकट करतो. रिकॉल निघाला तेव्हाच गाडी 15 वर्षांपेक्षा जुनी असेल तर कायद्याने ते फुकट करायचं बंधन नाही, तरी फोन करून विचारा.

दुसरी, हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, त्यावर पुढचा आणि मागचा आकडा वेगळा असतो, गाडी थंड असताना तेवढीच भरा. टायरच्या बाजूवर लिहिलेला 80 पीएसआय हा टायरची कमाल मर्यादा सांगतो, तुमच्या गाडीचा आकडा तो नव्हे, आणि बरेच जण चारी चाकात तोच भरून फिरतात. कडक टायर प्रत्येक खड्ड्याचा धक्का सरळ स्टिअरिंगला देतो. नुसती हवा बरोबर करून भटकणं निम्मं कमी झालेलं मी अनेकदा पाहिलंय.

तिसरी, टायर पुढचे मागे आणि मागचे पुढे करून बघा. थरथर बदलली, हलकी झाली किंवा बुडाखाली गेली तर दोष टायरमध्ये आहे, बॅलन्सिंग करा किंवा टायर बदला. हे करताना व्हील नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळा, अंदाजाने नको.

चौथी, फक्त ट्रेलर लावल्यावरच भटकत असेल तर आधी ट्रेलर बघा. साध्या ट्रेलरच्या हिचवर एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हवा, फिफ्थ व्हीलला (पिकअपच्या मागच्या हौद्यात जोडायचा ट्रेलर) 15 ते 25 टक्के. भार कमी पडला तर ट्रेलर मागून शेपूट हलवतो, फार जास्त पडला तर मागचा भाग बसतो आणि पुढची चाकं हलकी होतात. दोन्हीत दोष स्टिअरिंगवर जातो.

सगळ्यात कामाची तपासणी, तीही फुकटच

याला ड्राय स्टिअर टेस्ट म्हणतात. दहापैकी नऊ वेळा उत्तर इथेच मिळतं म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी सपाट काँक्रीटवर, चारी चाकं जमिनीवर. जॅक अजिबात लावायचा नाही, कारण वजन उतरलं की ढिला जॉइंट वेगळ्या जागी जाऊन बसतो आणि प्ले दिसत नाही. पार्कमध्ये टाका, हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे. गॅरेजमध्ये नको, बाहेर उघड्यावर. इंजिन चालू ठेवा म्हणजे पॉवर स्टिअरिंगचा जोर मिळेल. घरातल्या एकाला सीटवर बसवा, पाय ब्रेकवर, आणि सांगा की घड्याळातल्या 10 ते 2 एवढंच स्टिअरिंग इकडे-तिकडे हलवत राहायचं, हलकेच पण न थांबता. तुम्ही टॉर्च घेऊन खाली. सैल बाह्यांचे कपडे नकोत, हात पट्ट्यांपासून लांब आणि दोन दांड्यांच्या फटीत कधीच नाही.

आता वरून खाली एकेक बघत या. स्टिअरिंगचा शाफ्ट बॉक्समध्ये शिरतो तिथे, शाफ्ट फिरला की पिटमन आर्म लगेच हलतो का? शाफ्ट थोडा फिरून झाल्यावर मग आर्म हलत असेल तर प्ले बॉक्सच्या आत आहे. अख्खा बॉक्सच चेसिसवर हलतोय का? त्याचे बोल्ट बघा, आणि बोल्टाभोवती चेसिसला बारीक तडा आहे का तेही बघा, जुन्या रॅममध्ये तो येतो. मग ड्रॅग लिंकचं टोक, मग टाय रॉडची टोकं. चांगल्या टाय रॉड एंडमध्ये बॉल आणि कप एकत्र हलतात. खराब असेल तर आधी बॉलचा खिळा तिरका होतो आणि मग दांडा हलतो, हे डोळ्यांना स्वच्छ दिसतं.

आणि मग ट्रॅक बार, याला सगळ्यात जास्त वेळ द्या. चेसिसकडचं टोक आणि अ‍ॅक्सलकडचं टोक, दोन्ही. रबराचं बुश थोडं पिळवटतं ते चालेल. पण बोल्ट स्वतःच ब्रॅकेटच्या भोकात सरकत असेल, किंवा बॉलवाल्या टोकाला वर-खाली किंवा बाजूला हालचाल असेल, तर दोषी सापडला. हालचाल दिसली नाही तरी बोल्टाच्या डोक्याभोवती नीट टॉर्च मारा. कुंकवासारखी बारीक तांबडी भुकटी आणि वॉशरखाली घासून चकाकलेली गोल कड दिसली तर तो बोल्ट भोकात घासतोय, भले आत्ता तुमच्या समोर तो स्थिर दिसो.

असा बोल्ट नुसता आवळून भागेल का हे भोक गोल आहे की लांबट झालंय यावर आहे. भोक गोल असेल तर नवीन बोल्ट, त्या वर्षाच्या मॅन्युअलमधला टॉर्क. यातले काही बोल्ट इतके घट्ट लागतात की घरातला टॉर्क रेंच पुरत नाही, तेव्हा मोठा रेंच भाड्याने आणा, ऑटो पार्ट्सच्या दुकानात डिपॉझिट ठेवून मिळतो. आणि एक गोष्ट जी लोक हमखास चुकवतात, रबरी बुशवाला ट्रॅक बार शेवटचा आवळताना गाडीचं वजन चाकांवरच असलं पाहिजे. जॅकवर लोंबकळत असताना आवळला तर बुश पिळलेल्या अवस्थेत पकडलं जातं आणि काही महिन्यांत फाटतं, मग "नवीन टाकला तरी गेला" म्हणून पार्टला दोष जातो.

आता जॅक लावून

इथून पुढे थोडी हत्यारं लागतात. जॅक अ‍ॅक्सलखाली, चेसिसखाली नको, आणि गाडी स्टँडवर बसवल्याशिवाय चाकाखाली हातही घालायचा नाही. या गाडीचं पुढचं वजन कारसारखं नाही, स्टँडवर लिहिलेली क्षमता वाचूनच ठेवा.

चाक घड्याळातल्या 12 आणि 6 वर धरून आत-बाहेर हलवा. हाललं तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. दुसऱ्या माणसाला आतल्या बाजूने बॉल जॉइंटकडे बघायला सांगा, नकल (हब धरणारा, चाकाबरोबर वळणारा भाग, तो बॉल जॉइंटने अ‍ॅक्सलला जोडलेला असतो) आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये हालचाल असेल तर बॉल जॉइंट, हब आणि नकल यांच्यामध्ये असेल तर बेअरिंग. मग 3 आणि 9 वर धरून हलवा, तिथे टाय रॉड बोलतो. नंतर टायरखाली पहार घालून हलकेच वर उचला, खालच्या बॉल जॉइंटमधला उभा प्ले असाच कळतो, नुसत्या हाताने नाही, चाकच केवढं जड.

वळणानंतर स्टिअरिंग परत येत नसेल तर इथेच, चाकं हवेत आणि इंजिन बंद असताना, टाय रॉड आणि ड्रॅग लिंक सोडवून प्रत्येक चाक हाताने डावी-उजवीकडे फिरवा. अडकत अडकत फिरलं तर बॉल जॉइंट कोरडा आहे किंवा अ‍ॅक्सल शाफ्टचा यू-जॉइंट गंजून जाम झालाय. हे सोडवायचं नसेल तर इथे थांबा, गॅरेजवाल्याला नेमकं हेच लक्षण सांगा, त्याचा अर्धा तास वाचेल आणि तुमचे पैसे.

टाय रॉड एंड बदललात तर कॅसल नट (खाचांचा नट) टॉर्क करून झाल्यावर कॉटर पिनचं (नट फिरू नये म्हणून घालायची पिन) भोक जुळत नसेल तर नट अजून थोडा आवळून जुळवा, मागे ढिला करून कधीच नाही. जुनी पिन परत वापरू नका. ग्रीस निपल असलेली टोकं असतील तर प्रत्येक ऑइल चेंजला ग्रीस मारा, जुनं काळं बाहेर येऊन रबर किंचित फुगेपर्यंत, फाटेपर्यंत नाही.

मग डॅम्पर, बॉक्स आणि अलाइनमेंट

सगळे जॉइंट घट्ट निघाले, किंवा ढिले बदलून झाले, तर आता डॅम्पर. तेल गळतंय का बघा, एक टोक सोडून हाताने आत-बाहेर करा. दोन्ही दिशांना सारखा, न तुटणारा विरोध लागला पाहिजे, मधे पोकळ लागला तर बदला. महाग वस्तू नाही, आणि आता त्याचा खरा उपयोग होईल.

स्टिअरिंग बॉक्सच्या वरचा स्क्रू पिळून प्ले कमी करायचे व्हिडिओ भरपूर आहेत. माझं स्पष्ट मत, ज्याला त्याची पद्धत माहीत नाही त्याने हात लावू नये. जास्त आवळला तर बॉक्स मधोमध अडकतो, स्टिअरिंग परत येत नाही आणि आतले दाते खराब होतात, मग अख्खा बॉक्स बदलावा लागतो.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, कारण ढिल्या जॉइंटवर केलेलं अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यात बदलतं आणि पैसे पाण्यात. करताना रिपोर्ट छापून मागा आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकाव) आणि टो (दोन्ही चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलीत) हे दोन आकडे स्वतः वाचा. कॅस्टर कमी असेल तर गाडी सरळ राहायला बघतच नाही, भटकते. गाडीला लेव्हलिंग किट किंवा लिफ्ट लावली असेल तर इथे खास लक्ष द्या, पुढचा भाग उचलला की कॅस्टर कमी होतो आणि ट्रॅक बार आणि ड्रॅग लिंकचे कोनही बिघडतात. किटबरोबर ट्रॅक बारचं ब्रॅकेट किंवा अ‍ॅडजस्टेबल बार आणि कॅस्टर दुरुस्त करायचे पार्ट लावले नसतील तर कितीही टाय रॉड बदला, त्रास परत येणार. 2003 ते 2008 च्या रॅमवाल्यांनी अजून एक बघा, तेव्हाच्या वाय आकाराच्या लिंकेजमध्ये गाडी वर-खाली झाली की टो बदलतो. त्यानंतरच्या रचनेत टाय रॉड सरळ एका चाकापासून दुसऱ्यापर्यंत जातो आणि ते जुन्या गाडीला बसवता येतं. टाय रॉड बदलायलाच आले असतील तर जुन्या पद्धतीचे घेण्यापेक्षा हे घ्या.

शेव्ही आणि जीएमसी 2500एचडी, 3500एचडीवाल्यांनो, तुमच्याकडे पुढे टॉर्शन बारचं (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं हलणारं, आहे, ट्रॅक बार नाहीच. ड्राय स्टिअर टेस्ट तशीच करा पण नजर पिटमन आर्म आणि आयडलर आर्मवर (समोरच्या बाजूने लिंकेजला आधार देणारा तसाच दांडा) ठेवा, आयडलर आर्म वर-खाली हलला की टो सतत बदलतो आणि टायरच्या कडा खाल्ल्या जातात. पुढचा भाग उंच दिसावा म्हणून टॉर्शन बार पिळून घेतला असेल तर टाय रॉड आणि बॉल जॉइंटचे कोन तिरके होतात आणि ते लवकर जातात, तो मूळ उंचीवर आणा.

कुठे थांबायचं

चेसिसला किंवा ट्रॅक बारच्या ब्रॅकेटला तडा दिसला, बोल्टाचं भोक लांबट झालेलं निघालं, ड्रॅग लिंकचा जॅम नट ढिला सापडला किंवा कुठलाही स्टिअरिंग जॉइंट हाताने खडखडतोय, तर ती गाडी चालवत गॅरेजला न्यायची नाही. फ्लॅटबेड बोलवा. टाय रॉड सुटला तर एक चाक स्टिअरिंगपासून मोकळं होतं आणि मग तुमच्या हातात काही राहत नाही. डेथ वॉबल एकदा जरी आला असेल तर कारण सापडेपर्यंत ट्रेलर लावू नका आणि मुलांना घेऊन हायवेला जाऊ नका, हे मी प्रत्येकाला अगदी कळकळीने सांगतो.

वेल्डिंग, बॉल जॉइंट प्रेस करणं, बॉक्स बदलणं आणि मिठाने नकलमध्ये गंजून चिकटलेलं हब काढणं, ही कामं व्यावसायिक मेकॅनिकची. हब काढताना घण मारून नकल आणि एबीएसची वायर तोडण्यापेक्षा त्याची मजुरी परवडते. गॅरेज निवडताना शक्यतो हेवी ट्रक करणारं बघा, आणि जाताना ड्राय स्टिअर टेस्टचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ न्या. कुणी न बघताच "आधी डॅम्पर बदलू" म्हणालं तर दुसरीकडे जा.

काम झाल्यावर स्टिअरिंग सरळ नसेल किंवा स्टॅबिलिटीचा दिवा लागला असेल तर स्टिअरिंग अँगल सेन्सर रीसेट करून घ्या. आणि 100 मैल झाले की सोडलेला प्रत्येक बोल्ट परत टॉर्क रेंच लावून बघा, ट्रॅक बारचा पहिला.